नैवेद्याची वेळ

"आष्टेकर ताई, ऐकू येतंय का? कुमुदिनी आष्टेकर?"

मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर बावीस चौकोन, त्यातले अठरा काळे. त्या काळ्यांतला एक माझा. मांडीवर कापूस, शेजारी वाटीत चिमूटभर राख, आणि बोटं आपली वात वळत होती.

"कुमुदिनीताई, मासेमारीवरचं पुस्तक आलं तर कुठल्या वर्गात लावाल? अंदाजानं सांगा. चुकलं तरी चालेल."

मी वळलेली वात ताटलीत ठेवली आणि कापसाचा दुसरा तुकडा घेतला.

"मॅडम, त्या मौनात असत्यात," सुलभाचा आवाज आला. सुलभा वाघमोडे, मंगळवेढ्याची. कॉलेजच्या लायब्ररीत मदतनीस होती. तिचा माइक कधी बंद नसायचाच. तिच्या कोंबड्या, तिचा मिक्सर, तिच्या सासऱ्यांचा खोकला, सगळे आमच्याबरोबर वर्गात बसायचे. "चातुर्मासाचा नेम हाय त्यांचा. दुपारी बारापर्यंत तोंडातनं शब्द न्हाई."

"हो का? माफ करा हं ताई, मला माहीत नव्हतं." फरजाना मुल्ला मॅडमनी खरोखरच कानाला हात लावला. "मग सुलभाताई, तुम्ही सांगा."

"मासेमारी? मासा म्हंजे प्राणी. प्राणिशास्त्रात टाकते मी."

"आणि म्हशीच्या दूधधंद्याचं पुस्तक?"

"म्हस पण प्राणीच की ओ!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं सुलभा स्वतः हसली. मॅडमनी शांतपणे समजावून सांगितलं, की प्राण्याचा अभ्यास वेगळा आणि त्याच्यावर चालणारा धंदा वेगळा. मासेमारी शेतीच्या जोडीला बसते. मी काळ्या चौकोनामागे बसून मनातल्या मनात म्हटलं, गजानना, सुटले.

ही गोष्ट त्या अधिक महिन्याच्या वर्षातली. चातुर्मास पाच महिन्यांचा झाला होता आणि सगळं जग दारं लावून घरात बसलं होतं. आमच्या तासगावातल्या वाचनालयात मी तेव्हा चौदा वर्षं सहायक होते. ग्रंथपाल बर्वे सर त्याआधीच्या फाल्गुनात निवृत्त झाले आणि नाशिकला मुलाकडे गेले. जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला; पण नुसत्या किल्ल्या हातात आल्यानं कुणी ग्रंथपाल होत नाही. कार्यवाह नेर्लेकर काकांनी मला बोलावून घेतलं.

"कुमुदताई, खुर्ची तुमचीच आहे. पण ग्रंथपालाला प्रमाणपत्र लागतं, तो नियम मी बदलू शकत नाही. मार्गशीर्षात सभा आहे. तोवर प्रमाणपत्र आणा. नाही आलं तर जाहिरात द्यावी लागेल."

म्हणजे कुणी तरी नवं माणूस त्या खुर्चीत येऊन बसणार आणि मी त्याला कपाटं दाखवत हिंडणार. त्या वाचनालयातल्या निम्म्या पुस्तकांना मी माझ्या हातानं खाकी कव्हरं घातली होती. कुठलं पुस्तक कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता यायचं. फक्त का आहे, ते सांगता यायचं नाही.

म्हणून त्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेदहा ते बारा. शिवाय झालेल्या वर्गाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर यायचं, सवडीनं बघायला.

वर्ग सुरू होण्याच्या आठवडाभर आधी ओळखीची बैठक झाली होती. मी इरकली साडी नेसून, देवाला नमस्कार करून बसले. माझी पाळी आली तेव्हा मी नाव, गाव, बर्वे सर, वाचनालयाची अठरा हजार पुस्तकं, सगळं नीट सांगितलं. रात्री पाठच केलं होतं. चांगली दोन मिनिटं बोलले. पडद्यावरची माणसं हात हलवत होती. मला वाटलं, कौतुक चाललंय.

"आजी, माइक! माइक बंद आहे तुमचा!"

कुणी तरी तरुण मुलगी होती. वाईट भावानं बोलली नाही बिचारी. मी सत्तेचाळीस वर्षांची होते. मग माइक कुठे असतो हे शोधण्यात आणखी दोन मिनिटं गेली, आणि तो सापडला तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरून मी म्हटलं, "मी आष्टेकर. नमस्कार." आणि पडदा बंद केला.

त्यानंतर आली देवशयनी एकादशी. मी दरवर्षी चातुर्मासात एक नियम धरते. एका वर्षी बेल वाहिला, एका वर्षी अळणी जेवले. त्या वर्षी मौन धरलं. उठल्यापासून नैवेद्य दाखवून होईपर्यंत बोलायचं नाही. पूजेतले मंत्रसुद्धा मनात. देवापुढे पळीभर पाणी सोडलं आणि त्याच दुपारी वर्गाच्या गटावर लिहिलं: "माझा चातुर्मासाचा नियम आधीच घेतलेला असल्याने वर्गात बोलता येणार नाही. क्षमस्व." एकवीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मला फार बरं वाटलं.

वर्गात पडद्यावरच्या गप्पांच्या खिडकीत टाइप करून उत्तर देता यायचं. पण लिहिणं म्हणजेही बोलणंच, असं मी ठरवलं. हे शास्त्र माझं मीच काढलं होतं.

मग बोटांना काम हवं म्हणून वाती. मॅडम पुस्तकांना विषयवार क्रमांक देणारं दशांश वर्गीकरण शिकवायच्या आणि मी वाती वळायचे. कान पडद्याकडे असायचे, पण मन कापसात. काही कळलं नाही तर वाटायचं, असू दे, दुपारी रेकॉर्डिंग बघू. दुपारी जेवणं, भांडी, जरा पाठ टेकणं. चार ते सहा वाचनालयाच्या खिडकीतनं पुस्तकांची देवघेव. मग दिवेलागण, स्तोत्रं, रात्रीचा स्वयंपाक. रेकॉर्डिंग उद्यावर. उद्याचं परवावर. माझ्या नियमांच्या वहीत एक दिवस मोकळा नव्हता. मौनाची फुली रोज न चुकता पडत होती. आणि मोबाईलमध्ये न पाहिलेल्या रेकॉर्डिंगचा आकडा चव्वेचाळीस झाला.

चार स्वाध्याय द्यायचे होते. एक दिला. वीसपैकी चार गुण पडले, आणि खाली मॅडमचा शेरा: "ताई, एकदा फोन करा." मी तो शेरा वाचला आणि स्वाध्याय पुस्तकात घालून ठेवला.

कोजागरीच्या आदल्या दिवशी सकाळी गटावर सूचना आली. तोंडी परीक्षा कार्तिक शुद्ध पंचमीच्या दिवशी, सकाळी साडेदहापासून. बाहेरचे परीक्षक येणार. प्रत्येकाने आपला चेहरा दाखवून बोलायचं. तोंडी परीक्षेत अनुत्तीर्ण, म्हणजे प्रमाणपत्र नाही.

प्रबोधिनी एकादशी त्यानंतर सहा दिवसांनी होती. तोवर माझं मौन.

नैवेद्य दाखवला, तोच सुलभाचा फोन. तिनं घड्याळ लावूनच ठेवलं असावं.

"बोला ताई, आता तोंड उघडलंय न्हवं? काय करणार तुम्ही?"

"काय करणार गं. नियम मोडता येत नाही."

"मग परीक्षेत हातवारे करणार व्हय? मासा कुठं लावू, म्हशीला कुठं लावू?" तिनं बहुतेक हात हलवूनही दाखवले असतील. "मॅडमला फोन लावा. दुपारची वेळ मागून घ्या."

"मॅडमना कशाला त्रास..."

"अवो, त्यास्नी त्रास द्यायसाठीच तर नेमलंय! मी तर रोज देते. परवा त्यांचं जेवण चाललं होतं, मागनं वरणाच्या फोडणीचा वास इकडं आल्यागत झाला, तरी मी आपली विचारत्येच, सूची म्हंजे काय नि अनुक्रमणिका म्हंजे काय. म्हणाल्या, सुलभाताई, घास गिळू का आधी? म्हटलं गिळा, मी थांबते. लावा फोन. आत्ता लावा. तुमी लावत न्हाई तवर मी ठेवत न्हाई."

"तू ठेवल्याशिवाय मी लावू कसा?"

"हां. ते बी खरं," म्हणाली आणि ठेवला.

मी देवघरासमोर बसले. नैवेद्याच्या वाटीतले बेदाणे तसेच होते. चार महिन्यांत मी मॅडमचा नंबर पहिल्यांदा लावला.

"बोला ताई! मौन सुटलं का?" त्यांच्या आवाजात इतका आनंद होता, की मला लाज वाटली.

मी सांगितलं. वेळ दुपारची मिळाली तर उपकार होतील, म्हटलं.

"परीक्षक पुण्याहून बसणार आहेत, त्यांना सकाळचीच सवड आहे. मी विनंती करून बघते. पण खात्री नाही देत."

"माझा नियम मोडता येत नाही, मॅडम."

"अहो, मोडू नका! मी कशाला मोडायला सांगेन? मी स्वतः तीसच्या तीस रोजे धरते. मला एक सांगता? आमच्याकडे हे मौन नसतं, म्हणून विचारते. रागावू नका. हे बाराच्या ठोक्याला सुटतं का?"

"नाही, ठोक्याचं काही नाही. नैवेद्य दाखवला की सुटतं."

"आणि नैवेद्य बारालाच असतो."

"स्वयंपाक झाला की."

"स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"आणि नैवेद्य?"

"मीच दाखवते," मी म्हटलं, आणि ते दोन शब्द माझ्याच कानांना कसेसेच लागले.

त्यांच्या अंगणात कुणी तरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे आमच्यासारखं नाही. आमचा रोजा सूर्य मावळला की सुटतो. सूर्य काही माझ्या हातात नसतो. मला वाटत होतं, तुमचंही तसंच काही असेल."

टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर मी रागावले असते, आणि रागावून सुटले असते. त्या नुसतं समजून घेत होत्या.

"मी परीक्षकांशी बोलते," त्या म्हणाल्या. "तोवर ताई, दुपारी मला फोन करत जा. दुपारी तर बोलता ना तुम्ही?"

दुपारी तर मी बोलत होते. दुपारपासून रात्री निजेपर्यंत बोलत होते. भाजीवालीशी, वाचकांशी, तुळशीशीसुद्धा. चार महिन्यांत मॅडमशी एकदाही नाही.

फोन ठेवला तेव्हा हे झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते. आमचे हे, श्रीपादराव, एसटीच्या आगारात तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसायचे आणि गाड्यांच्या वेळा सांगायचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायची सवय गेली नव्हती.

"काय म्हणाल्या मॅडम?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं.

यांनी पेपरची घडी घातली. "माझी अकराची ड्यूटी असायची तेव्हा मला ताट किती वाजता वाढायचीस?"

"पावणेदहाला."

"आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय कधी वाढलंस?"

"कधीच नाही."

"मग आता काय, देवाची ड्यूटी बदलली?"

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. "तुम्ही चार महिने बघताय. बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस." मग झोपाळा पायानं थांबवत म्हणाले, "अगं, फलाटावर लोक पाटीखाली उभे राहायचे. तास तास. पाटी केव्हाची जुनी. समोर खिडकीत मी ढळढळीत बसलेला. विचारायला यायचे नाहीत. गाडी निघून गेली, की मग यायचे भांडायला."

"तुम्हीही उठून सांगितलं नाहीत कधी?"

"सुरुवातीला सांगायचो. लोक म्हणायचे, माहितीय आम्हाला."

त्या संध्याकाळी दिवा लावताना मी माझ्याच हातची वात घेतली. डबा शिगोशीग भरला होता. इतक्या वाती मी उभ्या जन्मात वळल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी साडेचारला उठले. भाजी आदल्या संध्याकाळीच निवडून चिरून ठेवली होती. पूजा, जप, कणीक, कुकर. वरण-भात, पडवळाची भाजी, दोन पोळ्या, आणि वाटीत बेदाणे. पावणेदहाला पाटावर ताट ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. हे दारात उभे होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

साडेदहाला मोबाईल डब्याला टेकवला. कापूस आणि राख फडताळात बंद करून ठेवली होती. हातात वही आणि पेन. वर्ग सुरू झाला तसं मी माइकचं चित्र दाबलं. दोनदा बघितलं, सुरू झालाय ना. मग चेहरा दिसायचं बटण दाबलं.

"मॅडम," मी म्हटलं. पहाटेपासून न वापरलेला आवाज, घोगरा आला. "मला एक प्रश्न विचारायचाय."

"अगं बया! बोलल्या!" सुलभा ओरडली. तिच्या कोंबड्यासुद्धा फडफडल्या.

"विचारा ना ताई."

"दशांशाच्या टिंबानंतरचे आकडे. समजा एका पुस्तकावर टिंबानंतर पंधरा आहे, आणि दुसऱ्यावर टिंबानंतर दोन. तर आधी कुठलं लावायचं? मी पंधरा नंतर लावते. पंधरा मोठे म्हणून."

कुणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं, इतकी मी तोवर पुढे गेले होते.

"पंधरा आधी, ताई. टिंबानंतर एकेक आकडा वेगळा वाचायचा. एक आणि दोन. एक आधी येतो की नाही? म्हणून पंधरा आधी." आणि त्यांनी कागदावर लिहून कॅमेऱ्यापुढे धरलं.

मी वहीत लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. चौदा वर्षं मी पंधरा दोनच्या नंतर लावत आले होते. आणि चौदा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी बर्वे सर कपाटांपुढे उभे राहून पुस्तकं इकडची तिकडे करायचे. मला वाटायचं, धूळ झटकतात.

त्या दुपारी मी नाशिकला फोन लावला.

"सर, तुम्ही दर शनिवारी धूळ झटकत नव्हतात ना?"

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही विचारलं असतंत तर लगेच सांगितलं असतं. न विचारता सांगितलं असतं, तर तुम्ही दोन दिवस जेवला नसता. चौदा वर्षं ओळखतो मी तुम्हाला."

सुलभाला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आता असं करा. रोज तुमचं मौन सुटलं, की पयलं वाक्य आमच्यासाठी राखून ठेवायचं. मला नाहीतर मॅडमला. प्रश्नच पाहिजे. 'कशी आहेस' चालणार न्हाई."

ती चेष्टेत बोलली. मी मात्र त्या संध्याकाळी नियमांच्या वहीत नवा रकाना आखला. दिवसाचं पहिलं वाक्य प्रश्नाचं. शेजारी दुसरा रकाना: दुपारी साडेबारा ते साडेतीन, दोन रेकॉर्डिंग; रात्री राहिलेले स्वाध्याय. झालं की फुली. नियम पाळणं मला येत होतं, तेवढंच एक मला चांगलं येत होतं. ते इतके दिवस इकडे वापरायचं सुचलं नव्हतं. स्वयंपाक आधी उरकल्यानं आख्खी दुपार रिकामी सापडली. ती आधीपासून घरातच होती, मी तिच्यावर पाठ टेकून निजत होते.

एकवीस दिवस, आणि मध्ये दिवाळी. वसुबारसेला मी विचारलं, एका पुस्तकात दोन विषय असले तर? नरक चतुर्दशीला पहाटेचं अभ्यंग, फराळाचा नैवेद्य, आणि सात वाजता सुलभाला फोन.

"ताई, आमच्यात अजून उटणं चाललंय ओ!"

"तूच म्हणालीस, पहिलं वाक्य तुझं. सांग, अनुवादाचं पुस्तक मूळ भाषेत लावायचं का मराठीत?"

"थांबा, साबण डोळ्यात गेलाय," ती म्हणाली, आणि मग डोळा चोळत चोळत तिनं बरोबर सांगितलं.

परीक्षकांनी वेळ बदलून दिली नाही. मॅडमनी तसं कळवलं तेव्हा मी म्हटलं, काही हरकत नाही, माझा देव पावणेदहाला जेवतो.

पंचमीच्या दिवशी साडेअकराला माझा नंबर लागला. परीक्षक पिकल्या मिश्यांचे, चष्मा कपाळावर चढवलेला. पहिलं पुस्तक व्रतवैकल्यांवरचं. ते मला झोपेतही आलं असतं. दुसरं दुग्धव्यवसायाचं. म्हशीला मी प्राणिशास्त्रात जाऊ दिलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात सुलभा तोंडावर पदर धरून बसली होती.

तिसऱ्यासाठी त्यांनी विचारलं, "गावोगावच्या देवळांच्या बांधणीवरचं पुस्तक आहे. धर्मात लावाल, की वास्तुकलेत? आणि पूर्ण क्रमांक सांगा."

"वास्तुकलेत," मी म्हटलं. इथपर्यंत ठीक होतं. पुढचे आकडे आठवेनात. नेर्लेकर काकांची मार्गशीर्षातली सभा डोळ्यांपुढे आली, आणि मग तो काळा चौकोन. एका बोटानं पडदा बंद करता आला असता.

"सर, पुढचा क्रमांक मला नक्की सांगता येत नाही," मी म्हटलं. "मी वर्गीकरणाची सूची उघडून बघू का?"

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "उघडा की. ती त्याच्यासाठीच असते. आज सकाळपासून नऊ जणांनी मला अंदाज सांगितले."

मी सूची उघडली. सापडायला दीड मिनिट लागलं. ते थांबले.

निकाल तिसऱ्या दिवशी आला. शंभरपैकी एकसष्ट, म्हणजे उत्तीर्ण. सुलभाला चौऱ्याऐंशी पडले, आणि तिनं मला सतरा मिनिटं फोनवर ऐकवलं.

गोष्ट खरं तर इथे संपायची. पण मौनाचं उद्यापन राहिलं होतं. मौन धरलं, की शेवटी देवळाला घंटा द्यायची, अशी आमच्याकडची रीत. यांनी सांगलीहून पितळेची घंटा आणली होती. छोटी, पण आवाज स्वच्छ. द्वादशीला सकाळी आम्ही ती घेऊन देवळाच्या पायऱ्या चढलो. चौथ्या पायरीवर माझे पाय थांबले.

"काय झालं?"

"ही घंटा देवाला देता यायची नाही."

"का?"

आजवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. देवाला सांगायची गरज नव्हती, त्याला माहीत होतं. "वर्गाचं वेळापत्रक मला दशमीला संध्याकाळीच मिळालं होतं. साडेदहा ते बारा. त्या वर्षी मी दूर्वांचा नियम धरायचा ठरवला होता. रोज एकवीस दूर्वा. बागेतली जागासुद्धा बघून ठेवली होती. वेळापत्रक बघितलं आणि एकादशीला सकाळी मौनाचं पाणी सोडलं. मग सगळ्यांना लिहिलं, की नियम आधीच घेतलाय."

देवळात कुणी तरी घंटा वाजवून आत गेलं.

"पाच महिने पाळलंस की पण."

"पाळलं. पण त्याच्यासाठी नाही पाळलं."

"मग या घंटेचं काय करायचं?"

ते मी पायऱ्या उतरताना ठरवलं.

पुढच्या वर्षी मौन पुन्हा धरलं, तेव्हा नैवेद्य पावणेदहालाच दाखवला, आणि तेव्हाची घंटा देवळात आहे. मंडपात डावीकडून दुसरी. पहिली मात्र वाचनालयात ग्रंथपालाच्या, म्हणजे माझ्या टेबलाजवळच्या खांबाला टांगली आहे. खाली माझ्या अक्षरातला कागद: "काही विचारायचे असल्यास वाजवावी." आता त्यालाही बरीच वर्षं झाली, कागद तीनदा बदलला. हे आता नाहीत. सुलभा ग्रंथपाल झाली आणि तिचा सकाळचा फोन अजून येतो. माझं पहिलं वाक्य अजून तिच्यासाठी राखलेलं असतं.

परवा एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील. हातात मोबाईल, मोबाईलवर कुठल्याशा अभ्यासक्रमाचं पान. या कपाटापासून त्या कपाटापर्यंत दोनदा जाऊन आल्या. कागद वाचला. घंटेकडे बघितलं आणि पुन्हा कपाटाकडे वळल्या. मी उठणारच होते. मग बर्वे सरांची आठवण झाली, आणि मी पुन्हा खाली बसून कार्डं लावत राहिले. फक्त चष्मा काढून बाजूला ठेवला, म्हणजे मी कामात गढलेली दिसू नये.

दहा मिनिटं गेली असतील. घंटा वाजली. वाजली कसली, नुसता लोलक कडेला लागला.

"हं," मी म्हटलं, "बसा ना. बोला."